धाकटीचं मागणं

यामिनीने श्रीखंडाचा डबा वृंदाच्या ओट्यावर ठेवला, कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, आणि तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की आज या घरात आपल्या सासूबाईंना सगळ्याजणी ताई म्हणताहेत.

"पद्मिनीताई, आमटीचं मीठ बघा हो जरा!"

"पद्मिनीताई, तुम्ही बसा. पुऱ्या मी तळते."

पद्मिनीबाईंची साठी केव्हाच उलटली होती आणि पुऱ्या तळायला निघालेली रुचा तिशीचीसुद्धा नव्हती. पण नागपूरच्या भगिनी निवासाची रीतच तशी. आधी राहून गेली ती ताई, मग मधे चाळीस वर्षांचं अंतर का असेना. थोरली सून वृंदासुद्धा वर्षभर त्यांना आई म्हणायची आणि निवासाच्या स्थापनादिनी मात्र ताई. यामिनीला मात्र लग्नाला दहा वर्षं झाली तरी बारा महिने "अहो आई" याखेरीज दुसरी हाक नव्हती.

ती ठाण्याची. अभिजितने तिला ऑफिसात पसंत केलं आणि मग घरी सांगितलं. वृंदाला पद्मिनीबाईंनी स्वतः पारखून आणलं होतं, ती निवासात राहून मेडिकल करत असताना, त्या स्वतः निवासाच्या कमिटीवर असताना. थोरल्या संजीवला तर तिचा फोटोही नंतर दाखवला म्हणे. त्यामुळे घरात सासू-थोरली सून यांचं गूळपीठ होतं आणि धाकटीच्या वाट्याला अदब. भांडण कधी नाही. जवळीकही नाही. पद्मिनीबाई आयर्लंडला आल्या की स्लायगोला वृंदाकडे महिनोन् महिने राहायच्या. डब्लिनजवळ स्वोर्ड्सला यामिनीकडे यायच्या त्या विमानाच्या आदल्या रात्री, कारण एअरपोर्ट जवळ पडायचा.

यंदा, दोन हजार तीन साली, निवासाला पन्नास वर्षं झाली होती. वृंदाने आयर्लंडभरच्या निवासकन्यांना बोलावलं होतं. कुणी कॉर्कहून आली, कुणी गॉलवेहून. नासच्या हॉस्पिटलातली उल्का जुने फोटो मोठे करून घेऊन आली होती. बैठकीच्या खोलीत ते भिंतीला टेकवून मांडले होते: लाकडाच्या वखारीवरच्या दोन खोल्या, त्यांपुढे उभ्या पाच मुली, आणि मधोमध निवास काढणाऱ्या विद्याताई, नऊवारीत, हात कमरेवर ठेवून.

"पहिल्या वर्षी धान्याची इतकी ओढाताण होती," पद्मिनीबाई सांगत होत्या, "की वयाप्रमाणे पंगत बसायची. शेवटी धाकटीच्या ताटात नुसतं पातेलं खरवडून पडायचं. विद्याताईंनी एक दिवस पाहिलं. म्हणाल्या, आजपासून उलटं. धाकटीला आधी वाढायचं, आणि थोरलीने वाढायचं. आणि वर्षातून एकदा धाकटी मागेल ते निवासाने द्यायचं."

"तुम्ही काय मागितलं होतं, ताई?" कुणीतरी विचारलं.

"सायकल शिकवा म्हटलं. बाप्पा! आख्खं निवास माझ्या मागे धावत होतं धरमपेठेत. महिनाभर सगळ्यांचे गुडघे फुटलेले."

खोली हसली. मग उल्का पुढे झाली. एरवी ती फटकळ, भरभर बोलणारी. आता मात्र आवाज जरा खाली आला.

"मी मागितलं होतं, माझं लग्न थांबवा. दुसऱ्या वर्षाला होते. वडिलांनी हिंगणघाटला जमवलं होतं. सतरा मुली एस्टीने वर्ध्याला आल्या आणि आमच्या ओसरीवर बसल्या. पुढे ह्या पद्मिनीताई. वडील म्हणाले, उठा. ह्या म्हणाल्या, काका, हिची परीक्षा झाली की उठतो. दोन दिवस बसल्या. आईने शेवटी सगळ्यांना पिठलं-भाकरी वाढली आणि वडिलांना म्हणाली, आता तुम्हीच काय ते ठरवा, माझ्या घरातलं पीठ संपलं."

यामिनी दारात उभी राहून ऐकत होती. इतकी वर्षं तिला या निवासाचा मनातल्या मनात राग होता. पण सतरा मुली ओसरीवर बसलेल्या तिच्या डोळ्यांपुढे आल्या, आणि आपल्यासाठी असं कोण बसलं असतं, हा विचार काही केल्या जाईना.

पानं मांडली गेली. धाकटी होती रुचा. स्लायगोच्या हॉस्पिटलातली तिची नेमणूक नुकतीच संपली होती आणि मंगळवारपासून डब्लिनला प्रशिक्षणाची जागा मिळाली होती, जिच्यासाठी लोक वर्षानुवर्षं अर्ज करतात. दहा महिन्यांची जुई तिच्या मांडीवर बसून पापड चोखत होती. पद्मिनीबाईंनी तिला पहिली पुरी वाढली, श्रीखंड वाढलं, आणि रीतीप्रमाणे म्हणाल्या, "माग, धाकटे."

सगळ्याजणी गमतीची वाट पाहत होत्या. मागच्या वर्षीच्या धाकटीने स्लायगोत कढीपत्ता मागितला होता.

रुचाने जुईच्या हातातला पापड काढून घेतला, तो परत दिला. मग मान वर न करता म्हणाली, "पद्मिनीताई, तुम्ही गुरुवारी नागपूरला चाललात. माझ्या जुईला घेऊन जाल?"

पानावरचे हात थांबले.

"जुईच्या बाबाचे, अनिमेषचे कागद अडकलेत. सहा महिने तरी तो येत नाही. डब्लिनला आठवड्याला दोन-तीन रात्री ड्यूटी आहे. रात्रीचं मूल सांभाळणारं कुणी मिळत नाही, मी खूप शोधलं. जागा सोडली तर परमिट जातं. माझ्या नागपूरच्या सासूबाईंना गुडघ्यांमुळे मूल उचलवत नाही, पण तुम्ही तिथे असलात तर... तुम्ही वृंदाताईंच्या ध्रुवला सांभाळलंत. सगळे सांगतात."

"दिलं," पद्मिनीबाई म्हणाल्या. एक क्षणही त्यांनी घेतला नाही. त्यांचा चेहरा असा उजळला होता की यामिनीने तो तसा कधी पाहिलाच नव्हता. "नेते. फुलासारखी सांभाळते. तू निर्धास्त शीक."

उल्काने डोळे पुसले. कुणी टाळ्या वाजवल्या. "याला म्हणतात निवास!" गॉलवेवाली म्हणाली. यामिनीचंही मन भरून आलं होतं, आणि म्हणूनच ती वृंदाकडे पाहायला वळली. वृंदाची खुर्ची रिकामी होती.

ती सापडली स्वयंपाकघरामागच्या खोलीत, कपड्यांच्या मशीनपाशी. वाळलेल्या टॉवेलची घडी घालत होती. घडी झाली की मोडायची आणि पुन्हा घालायची. ऑपरेशन थिएटरात लोकांना भूल देणारी, कधी आवाज न चढवणारी बाई.

"वहिनी, काय झालं?"

"काही नाही. जेवायला बस तू."

यामिनी जागची हलली नाही.

"ध्रुव अकरा महिन्यांचा होता," वृंदा टॉवेलशी बोलावं तशी बोलली. "माझ्या परीक्षा होत्या. आई आल्या आणि घेऊन गेल्या. सगळं फार चांगलं केलं त्यांनी. तो साडेतीन वर्षांचा झाल्यावर परत घेऊन आल्या. मी एअरपोर्टवर गेले, खेळण्यातला ट्रॅक्टर घेऊन. तो त्यांच्या निऱ्यांमागे लपला. मग हळूच पुढे आला, ट्रॅक्टर घेतला आणि त्यांना म्हणाला, आजी, या काकूंना थँक्यू म्हणू?"

मशीनच्या पाठीमागे पाण्याचा नळ कुठेतरी ठिबकत होता.

"तुम्ही आईंना कधी बोलला नाहीत?"

"काय बोलू? दोन-अडीच वर्षं ज्यांनी माझं मूल तळहातावर झेललं त्यांना काय बोलू? त्यांच्यामुळे मी कन्सल्टंट झाले, हे मीच सगळ्यांना सांगते. खरंच आहे ते. बोलायला तोंडच नाही मला, यामिनी. उपकाराखाली माणूस दबतं ना, तसं झालंय."

यामिनीने टॉवेल तिच्या हातातून काढून घेतला. तिला एकदम कळलं की या घरात, या क्षणी, निवासाचं कसलंही देणं नसलेली बाई एकच आहे.

बैठकीत आता बेत चालू होते. जुईचं तिकीट, जुईचे स्वेटर. पुरुष आणि मुलं स्ट्रँडहिलच्या समुद्रावरून परतली होती, वाळू झटकत दारात उभी होती.

"आई," यामिनी म्हणाली. "जुईला नेऊ नका."

पद्मिनीबाईंना आधी नीट ऐकू आलं नसावं. "काय म्हणून राहिली?"

"तिला इथेच, रुचाजवळ राहू दे."

"यामिनी, शब्द दिलाय मी. हा निवासाचा विषय आहे." आवाज थंड होता. "तू निवासाची नाहीस. तुला नाही कळायचं."

खोलीतल्या सगळ्यांनी ते ऐकलं. अभिजित पुढे सरकला, पण यामिनीने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिचे कान तापले होते.

"नाही मी निवासाची. म्हणूनच बोलू शकते."

"अगं, पण ती करणार काय?" उल्का उसळली. "रात्री दोनला बीप वाजला की पोरीला कुठे ठेवेल, लॉकरमध्ये? तुम्हा ऑफिसवाल्यांना कल्पना नसते. आणि दिलेला शब्द निवासाने आजवर मोडलेला नाही. माझ्या वेळी मोडला असता तर आज मी इथे नसते. ध्रुवचं काय वाईट झालं? विचारा त्याला. ध्रुव, आजीकडे राहून तुला काही कमी पडलं का रे?"

सतरा वर्षांचा ध्रुव दाराच्या चौकटीएवढा उंच झाला होता. नुकतीच त्याची शाळेची शेवटची, लीव्हिंग सर्टची परीक्षा संपली होती. सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे वळल्यावर तो लाजला.

"आय वॉज ग्रँड," तो म्हणाला. मग खांदे उडवून, "आय डोन्ट रिमेंबर इट, लाइक. डोन्ट आस्क मी. आस्क मॉम."

वृंदा त्याच्या मागेच येऊन उभी राहिली होती. कुणी काही विचारलं नाही. ती खोलीत आली, पद्मिनीबाईंच्या शेजारची तिची नेहमीची खुर्ची ओलांडून पुढे गेली आणि यामिनीच्या बाजूला उभी राहिली.

"यामिनी बरोबर बोलतेय, आई," ती म्हणाली.

त्या दिवशी ती ताई म्हणाली नाही. पद्मिनीबाईंनी तिच्याकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा उजेड ओसरत गेला.

रुचा रडू लागली. "मला काय हौस आहे का हो तिला पाठवायची? दुसरी वाट सांगा, मी त्या वाटेने जाते."

"माझ्याकडे ये," यामिनी म्हणाली. शब्द तोंडातून गेल्यावरच तिला कळलं की आपण काय बोललो. "स्वोर्ड्सला. छोटी खोली रिकामी आहे. रात्री मी आहे, अभिजित आहे. आमच्या रेवाला तर पाठचं भावंड हवंच होतं."

"आणि दिवसा? तुम्ही दोघं साडेआठला घराबाहेर पडता," उल्का म्हणाली. पण आता तिच्या बोलण्यातली धार गेली होती.

पद्मिनीबाई उठल्या, शाल घेतली आणि मागच्या बागेत जाऊन बसल्या. कुणी त्यांच्यामागे गेलं नाही.

सकाळी यामिनी खाली आली तेव्हा पद्मिनीबाई आंघोळ करून, केस विंचरून ओट्यापाशी उभ्या होत्या. खिडकीतून बेनबल्बनचा डोंगर दिसत होता, धुक्यातून वरचा सपाट माथा तेवढा बाहेर आलेला.

"चहा टाकते, पण कप सापडेना. ध्रुव म्हणे प्रेसमध्ये आहेत. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, हे माझ्या डोक्यात काही शिरत नाही."

यामिनीने कप काढून दिले. दोघी टेबलापाशी बसल्या. या दहा वर्षांत अशा दोघीच बसण्याची वेळ क्वचितच आली होती. यामिनी माफीचे शब्द जुळवत होती, पण पद्मिनीबाईच बोलू लागल्या.

"काल रुचाने मागितलं तेव्हा मला काय झालं, सांगू? आनंद झाला. तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी. ध्रुवला इथे सोडून मी परत गेले ना, त्यानंतर वर्षभर त्याची दुधाची वाटी रोज विसळून पालथी घालत होते. घरात मूल नाही आणि वाटी रोज ओली. तुझ्या सासऱ्यांनी एकदा विचारलं, काहून घासतेस? मी त्यांच्यावरच ओरडले." त्यांनी चहाचा घोट घेतला. "वृंदाचं असं काही झालं असेल हे माझ्या मनात आलंच नाही, बघ. ती हसून बोलायची. मला वाटलं, माझंच एकटीचं दुखतंय."

"त्यांनाही तसंच वाटत होतं, आई."

"हं." त्या यामिनीकडे वळल्या. "काल तुला तोडून बोलले. चारचौघांत."

"राहू द्या ते."

"राहू कसं देऊ? निवासाची नाहीस म्हटलं मी. पंगतीतली खरी धाकटी तर जुई. विद्याताई असत्या तर तुझ्याच बाजूने उभ्या राहिल्या असत्या, हे मला रात्री झोपताना कळलं. फार उशिरा कळलं." त्यांनी कप खाली ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले, वर्गात बोलायला उभ्या राहणाऱ्या मुलीसारखे. "निवासात धाकटीने मागायचं असतं. थोरलीने मागितलेलं कुणी पाहिलं नाही. पण मी मागते. तुझ्या घरी मला सहा महिने ठेवून घेशील? दिवसा मी असते जुईला. थंडीबिंडीचं माझं मी बघेन."

हीच बाई, जी तिच्या घरी बॅग न उघडता एक रात्र काढून जायची.

"राहा," ती म्हणाली. मग, पुढे पंचाईत नको म्हणून, "पण ओटा माझा."

"ओटा तुझा. पाळणा माझा."

"दिवसा. रुचा घरी असेल तेव्हा तिचा."

पद्मिनीबाईंना हे जड गेलेलं दिसलं. "तिचाच. तिचाच असायला पाहिजे."

नाश्त्याला सगळ्या जमल्यावर त्या रुचापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "धाकटे, काल मी तुला शब्द दिला. तो मला परत दे. नागपूरला नेणार नाही मी तुझ्या पोरीला. मीच इथे राहते."

रुचा पायाशी वाकायला लागली तशी त्यांनी तिला खांद्याला धरून उभं केलं. "पाया पडणं निवासात नाही. दिला का शब्द परत?"

"दिला, ताई," रुचा कशीबशी म्हणाली.

उल्का पोह्यांची बशी हातात घेऊन भिंतीला टेकवलेल्या फोटोंकडे पाहत होती. ती वळली. "नासहून स्वोर्ड्स काही फार लांब नाही. एकाआड एक शनिवार माझा. आणि यामिनी, मला फोन करायचा, कधीही. ताई म्हण मला."

"व्हिसाची मुदत वाढवावी लागेल," संजीव म्हणाला. "उद्याच चौकशी करतो."

"आणि मला कुणी विचारणार आहे का?" अभिजितने विचारलं.

"नाही," बायका एकसुरात म्हणाल्या, आणि ध्रुव पोटभर हसला.

दुपारी गाडी भरली. रुचाच्या बॅगा, घडीचा पाळणा, बाहुली मांडीवर घेतलेली रेवा. वृंदा अंगणात आली. सासूसुनेत सकाळपासून एक शब्द झाला नव्हता. नेहमीच्या रीतीप्रमाणे वृंदा निरोपाला वाकेल, त्या आशीर्वाद देतील, दोघी गोड बोलतील आणि सगळं पुन्हा झाकलं जाईल, असं यामिनीला वाटत होतं.

वृंदा जुईच्या सीटचा पट्टा आवळत होती, पद्मिनीबाई जवळ उभ्या होत्या.

"दात येताहेत हिला," त्या म्हणाल्या. "हिरड्यांवर थोडा मध चोळला की शांत होईल."

"मध द्यायचा नाही," वृंदा म्हणाली. "वर्षाच्या आत अजिबात नाही. विषबाधा होते बाळांना."

"अगं, काही होत नाही. ध्रुवला नव्हता का दिला मी रोज?"

"मला विचारलं नव्हतंत!"

आवाज इतका मोठा होता की शेजारच्या बागेतली बाई कात्री घेऊन उभी राहिली. वृंदाच्या तोंडून सासूबाईंसाठी असा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता, खुद्द तिनेही नाही. संजीव तिच्याकडे येऊ लागला. यामिनीने त्याचा हात धरून थांबवलं.

"मध दिलात, जावळ काढलंत, त्याला पहिल्यांदा शाळेत बसवलंत, मला काही म्हणजे काही विचारलं नाहीत!" ती रडत होती आणि तरी थांबत नव्हती. "फोनवर नंतर सांगायचात! आणि मी म्हणायची, बरं झालं, आई!"

पद्मिनीबाई गाडीच्या दाराला धरून उभ्या होत्या. सून बोलून थांबेपर्यंत त्यांनी सगळं ऐकून घेतलं. वृंदा थांबली आणि बाहीने नाक पुसू लागली.

"नाही विचारलं," त्या म्हणाल्या. "आता विचारते. डॉक्टरीणबाई, गूळ चालतो का?"

वृंदाने ओल्या डोळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. "वर्षाची झाल्यावर. आणि चिमूटभरच."

"चिमूट म्हणजे केवढी? इथे दाखव."

त्यांनी आपला हात पुढे केला, आणि वृंदाने तो उलटा करून, तळव्यावर बोटाने एक छोटा गोल काढून दाखवला.